देवाच्या दारातला हिशेब

(एका स्मृती-व्याख्यानमालेत वाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी या परिसरातल्या कितीतरी मुलांना गणित शिकवलं. त्यामुळे आज त्यांच्या नावाने बोलताना मी थोडं अंकगणित मांडलं, तर ते अस्थानी ठरणार नाही. विषय आहे प्रार्थनास्थळांतल्या माणसांच्या जिवाचा. देऊळ, मशीद, दर्गा, चर्च, गुरुद्वारा, विहार अशा ठिकाणी श्रद्धेने गेलेला माणूस धडधाकट घरी परत यावा, यासाठी काय करायला हवं, एवढाच माझा प्रश्न आहे. श्रद्धा असावी की नसावी, हा माझा विषय नाही. माझा व्यवसाय स्थापत्य अभियंत्याचा. जिने, कठडे, उतार आणि दारं यांच्याकडे बघण्याची मला सवय आहे. त्याच नजरेने बोलतो.

इथून वीसेक किलोमीटरवर मांढरदेवचा डोंगर आहे. 25 जानेवारी 2005, मंगळवार, पौष पौर्णिमा. काळूबाईच्या यात्रेला लाखोंची गर्दी होती. वाट अरुंद आणि चढाची, दोन्ही अंगांना दुकानं. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या. कुणाचा तरी पाय घसरला, त्याच्यावर दुसरा पडला, दुसऱ्यावर तिसरा. मागच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं, त्यामुळे रेटा चालूच राहिला. संतापलेल्या जमावाने दुकानं पेटवली, दुकानांतले गॅस सिलिंडर फुटले, आणि चेंगराचेंगरीच्या जोडीला आग आली. तीनशेच्या आसपास माणसं गेली. या सभागृहात असे लोक असतील, ज्यांनी त्या रात्री रुग्णालयात धावपळ केली असेल. त्यांना मी नवीन काही सांगत नाही. पण त्या घटनेतून आपण काय शिकलो, याचा ताळेबंद मांडायला हवा.

अशी घटना घडली की तीन स्पष्टीकरणं तयारच असतात. पहिलं, देवाची मर्जी. दुसरं, आपले लोकच बेशिस्त. तिसरं, कुणीतरी अफवा उठवली. या तिन्हींचा एक फायदा असतो: कुणालाच काही करावं लागत नाही. देवाला नोटीस काढता येत नाही, लोकांना बदलता येत नाही आणि अफवा उठवणारा सापडत नाही. मला मात्र असं म्हणायचं आहे की यात्रेतला माणूस बेशिस्त नसतो. बेशिस्त असते ती वाट, आणि न केलेला हिशेब.

गर्दीत माणसं कशी मरतात, हे आधी नीट समजून घेऊ. बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. ती श्वास कोंडून मरतात, पुष्कळदा उभ्या-उभ्याच. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे साधारण एका सतरंजीच्या तुकड्यावर, चार माणसं असतील तर ती दाटीने का होईना, आपल्या मर्जीने चालतात. पाच झाली की पाऊल आपलं राहत नाही. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उठतात, माणूस उचलला जातो आणि पाच-दहा फूट वाहत जातो. छातीवर चारही बाजूंनी इतका दाब येतो की फासळ्या फुगायला जागाच उरत नाही. अशा रेट्याने लोखंडी कठडे वाकल्याचं अनेक दुर्घटनांत दिसलं आहे. त्या क्षणी कुणी ‘ढकलू नका’ म्हणून ओरडलं, तरी त्याचा उपयोग नसतो. ढकलणारा असा कुणी एक नसतोच. म्हणून गर्दीचा बंदोबस्त गर्दी झाल्यावर करता येत नाही. तो आधीच करावा लागतो.

आता गणित. 1971 साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाच्या एका जिन्यावर 66 प्रेक्षक चेंगरून मेले. त्यानंतर ब्रिटनने क्रीडांगणांच्या सुरक्षेची एक मार्गदर्शिका तयार केली. तिच्यातला एक आकडा जगभर वापरला जातो. एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला फार तर 82 माणसं सुरक्षित जातात, आणि जिन्यावरून 66. आपल्या एखाद्या गडावरच्या देवळाचा जिना दोन मीटर रुंद आहे असं धरा. मिनिटाला 132, तासाला सुमारे आठ हजार. हे धडधाकट माणसांचं आणि कोरड्या पायऱ्यांचं गणित झालं. कडेवरचं मूल, डोक्यावरची पाटी, गुडघे धरून चढणारी आजी यात धरलेली नाही. आता पौर्णिमेला सकाळी दहा ते अकरा या तासात वीस हजार माणसं पायथ्याशी उतरली. आठ हजार वर गेली, बारा हजार खाली राहिली. चौरस मीटरला चार या हिशेबाने त्यांना नुसतं उभं राहायला तीन हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीस गुंठे मोकळी जागा लागते. पुढच्या तासाला साठ गुंठे. तुमच्या देवस्थानच्या पायथ्याशी दुकानं, वाहनं आणि मंडप सोडून तीस गुंठे मोकळे आहेत का? नसतील तर ती माणसं कुठे उभी राहतील, हे यात्रेच्या महिनाभर आधी कागदावर कळतं.

जिन्याच्या वर गाभारा असतो. तिथलं गणित आणखी कडक आहे. प्रत्येकाला दोन सेकंद दिले, तर मिनिटाला तीस, तासाला अठराशे, आणि चोवीस तास दार उघडं ठेवलं तरी त्रेचाळीस हजार दोनशे. यात्रेला तीन लाख माणसं आली तर सगळ्यांच्या दर्शनाला सात दिवस लागतील. म्हणजे तीन लाखांना एका दिवसात गाभारादर्शन ही गोष्ट अशक्यच आहे. ती शक्य आहे असं भासवणं हाच दुर्घटनेचा पाया. त्यातच एखाद्या मान्यवरासाठी रांग पाच मिनिटं थांबवली, तर दीडशे माणसं मागे साचतात. तो मान्यवर फोटो काढून खाली उतरतो आणि मागच्या दीडशेंचा दाब रांगेच्या शेपटापर्यंत पोचतो.

देशातल्या आणि परदेशातल्या दुर्घटना शेजारी-शेजारी मांडून पाहिल्या, की त्यांच्यातला सारखेपणा डोळ्यांत भरतो. ऑगस्ट 2003 मध्ये नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे उतरणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर 39 भाविक गेले. चांदीची नाणी उधळली गेली, ती वेचायला लोक वाकले आणि मागचा लोंढा त्यांच्यावर आला. ऑगस्ट 2008 मध्ये हिमाचलातल्या नैनादेवीच्या डोंगरवाटेवर सुमारे दीडशे गेले. पुढच्याच महिन्यात, घटस्थापनेच्या दिवशी, जोधपूरच्या मेहरानगडावरच्या चामुंडा मंदिराच्या उतारावर दोनशेहून अधिक. एप्रिल 2021 मध्ये इस्राएलमधल्या मेरोन डोंगरावर ज्यूंच्या उत्सवात एका अरुंद, निसरड्या उतारावर 45. आणि मे 2025 मध्ये आपल्या शेजारी, गोव्यात शिरगावच्या लइराई देवीच्या जत्रेत, पुन्हा उतारावरच. देव वेगळे, भाषा वेगळ्या, देश वेगळे. वाट मात्र एकच: अरुंद, उताराची आणि खाली काय चाललंय ते वरच्याला न दिसणारी. आपल्या बहुतेक देवी डोंगरावर आहेत, म्हणजे हा धोका आपल्या भूगोलातच आहे. तो आहे हे मान्य केलं, तर उपाय निघतो. चढायची वाट आणि उतरायची वाट वेगळी करायची. मोठ्या उतारावर मध्ये सपाट टप्पे द्यायचे. वळणावर एकही दुकान ठेवायचं नाही.

अफवेचंही थोडं ऐका. नैनादेवीला दरड कोसळल्याची अफवा होती. 2013 साली मध्य प्रदेशात रतनगडला पूल पडतोय अशी अफवा होती, आणि शंभरावर माणसं गेली. जुलै 2025 मध्ये हरिद्वारच्या मनसादेवीच्या पायऱ्यांवर विजेचा धक्का बसतोय अशी अफवा उठली. अफवा उठते हे खरं, पण ती पेटते कुठे? जिथे अगोदरच चौरस मीटरला सहा-सात माणसं असतात आणि खरं काय ते सांगणारा आवाज नसतो, तिथे. मोकळ्या मैदानात अशी अफवा उठली, तर लोक चार पावलं मागे सरून चौकशी करतात. आपल्या यात्रांत ध्वनिक्षेपक दिवसभर देणगीदारांची नावं वाचत असतो. तोच ध्वनिक्षेपक त्या एका मिनिटात योग्य वाक्य बोलेल, अशी व्यवस्था आपण केलेली नसते.

यात्रा सोडा, आपल्या नेहमीच्या देवळाकडे येऊ. एका गावातल्या विश्वस्तांनी मला देऊळ दाखवायला बोलावलं होतं. जीर्णोद्धार नुकताच झाला होता, आणि झाला होता देखणा. जुन्या पायऱ्या काळ्या दगडाच्या, टाकीच्या घावांनी खडबडीत. त्यांच्यावर आता गुळगुळीत ग्रॅनाइट बसवलं होतं आणि प्रत्येक पायरीवर देणगीदाराचं नाव कोरलं होतं. शनिवारी मारुतीला तेल घालून आलेली माणसं त्याच पायऱ्यांवरून उतरतात. सभामंडपाला तीन बाजूंनी लोखंडी सरकती जाळी, त्यातल्या दोन बाजूंना कायमचं कुलूप, आणि किल्ली गुरवाच्या घरी. उघड्या असलेल्या एकमेव दारात चपलांचा ढीग. महाप्रसादाची भट्टी आणि सिलिंडर मागच्या बोळात, म्हणजे निसटायची जी दुसरी वाट होती, नेमकी तिथेच. दिव्यांच्या माळा एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि तो बोर्ड मंडपाच्या कापडाला बांधलेला. मी विश्वस्तांना एवढंच विचारलं, हनुमान जयंतीला इथे चारशे माणसं बसलेली असताना कापडाने पेट घेतला तर ती जातील कुठून? ते सज्जन होते. त्यांनी लगेच जाळ्यांची कुलपं काढायचं कबूल केलं. मात्र ग्रॅनाइटला हात लावायला कुणी तयार झालं नाही, कारण त्यावर नावं होती.

वास्तू धोक्याच्या असल्या तरी भावनेपोटी आपण त्यांना हात लावत नाही. इंदूरला मार्च 2023 मध्ये रामनवमीला एका मंदिरातली जमीन खचली आणि 36 माणसं खालच्या बारवेत बुडाली. जुन्या बारवेवर स्लॅब टाकून तिची जमीन केली होती. महापालिकेने आधी नोटीस दिली होती, पण धार्मिक भावनांच्या मुद्द्यावर कारवाई झाली नव्हती. पुढच्याच महिन्यात अकोला जिल्ह्यात पारसला वादळात जुनं कडुनिंबाचं झाड पत्र्याच्या शेडवर कोसळलं आणि आसऱ्याला थांबलेले सात भाविक गेले. केरळात परवूरच्या पुट्टिंगल मंदिरात 10 एप्रिल 2016 च्या पहाटे परवानगी नसताना शोभेच्या दारूची चढाओढ चालली होती. तिथे शंभराहून अधिक माणसं गेली. या तिन्ही ठिकाणी गर्दीचा रेटा नव्हता. होती ती न तपासलेली जमीन, न छाटलेलं झाड आणि न पाळलेला नियम.

आता घातपाताबद्दल. सुरक्षा म्हटलं की पहिल्यांदा तेच मनात येतं, आणि ती भीती खोटी नाही. सप्टेंबर 2002 मध्ये गांधीनगरच्या अक्षरधामवर हल्ला झाला. सप्टेंबर 2006 मध्ये मालेगावात शब-ए-बरातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर मशीद आणि कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसं गेली. म्हणून कॅमेरे हवेत, तपासणी हवी, बेवारस पिशवीकडे लक्ष हवं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. रुंद दारात लोखंडी चौकट उभी केली की दार अरुंद होतं. तपासणीची रांग बाहेर रस्त्यावर साचते आणि घातपात करणाऱ्याला गर्दी आयतीच मिळते. आत काही झालं, तर त्याच अरुंद चौकटीतून सगळ्यांना बाहेर पडावं लागतं. म्हणून तपासणीचं दार आणि बाहेर पडायचं दार वेगवेगळं असलं पाहिजे, आणि बाहेरचं दार आतून ढकलताच उघडलं पाहिजे. माणसांचंही महत्त्व यंत्रांइतकंच आहे. अक्षरधाममध्ये मंदिराच्या सेवकांनी मुख्य मंदिराची दारं लावून घेतली, त्यामुळे आत असलेले लोक वाचले. रोज देवळात झाडू मारणाऱ्या बाईला कुठली पिशवी नेहमीची आणि कुठली परकी, हे भाड्याने आणलेल्या पहारेकऱ्यापेक्षा लवकर कळतं. तिला कुणी कधी प्रशिक्षणाला बोलावलं आहे का?

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी शास्त्र झालं, आपल्या यात्रांना ते कसं लागू पडणार? मी म्हणतो, यातलं पुष्कळ शहाणपण आपल्याकडे आधीपासूनच आहे. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीत प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला असतो. रथापुढच्या दिंड्या पुढे, रथामागच्या मागे. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला ही घडी घालून दिली. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने हातातला चोप वर केला की लाखोंचा मेळा शांत होतो. दिंडीतल्या माणसाला आपण कुणाच्या मागे आहोत आणि आपल्यामागे कोण आहे, हे माहीत असतं. असा लोंढा चेंगरत नाही.

पंढरपूरने गाभाऱ्याच्या गणिताचं उत्तरही शोधून ठेवलं आहे. आषाढीत देवाचा पलंग काढतात आणि दर्शन अहोरात्र चालू ठेवतात. त्यानेही भागत नाही, म्हणून परंपरेने कळसदर्शन मान्य केलं. चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी आणि कळसाला हात जोडणं, एवढ्याने वारी पुरी होते. कुठल्याही जिल्हाधिकाऱ्याला याहून उत्तम योजना सुचणार नाही. तीन लाखांतल्या अडीच लाखांनी गाभाऱ्याकडे न जाताच कृतार्थ होऊन परत जावं, हे फक्त परंपराच घडवू शकते. मग इतर देवस्थानांच्या पुजाऱ्यांनी आणि कीर्तनकारांनी आपल्या भाविकांना हे का सांगू नये? पायथ्याशी पादुका ठेवा, मोठ्या पडद्यावर मुखदर्शन द्या, आणि ते दर्शन कमी प्रतीचं नाही, हे धर्माधिकाऱ्याच्या तोंडून येऊ द्या. पोलिसाने सांगितलं तर तो अडथळा वाटतो, पुजाऱ्याने सांगितलं तर तो विधी होतो.

मुंबईत हाजी अलीला जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. समुद्र आपली वेळ पाळतो, म्हणून माणसंही ती पाळतात. भरतीत कुणी दर्ग्याच्या व्यवस्थापकांशी वाद घालत बसत नाही. डोंगरावरच्या देवळालाही अशी भरती असते. पायथ्याची जागा भरली, की वाट बंद. हे ठरवायचा अधिकार एका माणसाकडे हवा, आणि तो अधिकार त्याने वापरला म्हणून त्याच्यावर कुणाचा फोन येता कामा नये.

सौदी अरेबियात हजच्या काळात मिनाला सैतानाला खडे मारण्याच्या जागी वारंवार माणसं चेंगरत होती. 2006 साली तिथे तीनशेहून अधिक हाजी गेले. त्यानंतर जुना पूल पाडून अनेक मजल्यांचा नवा पूल बांधला गेला, येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले. त्या पुलावर पुढे तशी दुर्घटना झाली नाही. पण 2015 साली मिनातल्याच एका रस्त्यावर भीषण चेंगराचेंगरी झाली. म्हणजे एक जागा दुरुस्त केली की काम संपत नाही. गर्दी दुसरी अरुंद जागा शोधते.

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचे हिशेब दरवर्षी तपासले जातात. दानपेटीतल्या नोटा मोजल्या जातात, पावतीपुस्तकं पडताळली जातात. पण जिन्याची रुंदी, बाहेर पडायच्या वाटा, विजेची जोडणी यांचा तपासनीस दरवर्षी येत नाही. मांढरदेवच्या घटनेनंतर न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला. आज त्या यात्रेत पशुहत्येवर आणि वाद्यांवर बंदी असते, बंदोबस्त असतो. हे चांगलंच झालं. पण आयोग प्रत्येक डोंगरासाठी वेगळा नेमावा लागू नये. जोधपूरच्या चौकशीचा अहवाल तर कित्येक वर्षं लोकांसमोर आला नाही. मेरोनच्या उताराबद्दल इस्राएलच्या महालेखापालांनी दुर्घटनेच्या दहाएक वर्षं आधीच इशारे दिले होते. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2014 मध्ये गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिका काढली आहे. तिची प्रत किती देवस्थानांच्या कपाटात आहे? लेखापरीक्षणाच्या अहवालाला सुरक्षेचं एक पान जोडणं धर्मादाय आयुक्तांनी सक्तीचं करावं. किती माणसं एका वेळी मावतात, वाटा किती, मागच्या वर्षी काय दुरुस्त केलं, एवढंच त्यात असावं, आणि ते पान देवळाच्या भिंतीवर लागावं.

2027 साली नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे. तो सरकारचा विषय म्हणून सोडून देऊ नका. त्याहून जवळची गोष्ट आहे ती तुमच्या गावची जत्रा, तुमच्या मोहल्ल्यातली ईद, तुमच्या चर्चची नाताळची रात्र. आपल्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या देवस्थानचे पंच, विश्वस्त किंवा देणगीदार आहेत. त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत कळसाच्या रंगाचा विषय घेण्याआधी एक मोजपट्टी घेऊन दारापाशी जा. दार किती रुंद आहे, ते मोजा. आत किती माणसं बसतात, ती मोजा. दुसरं दार उघडतं का, ते स्वतः उघडून बघा, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे ते सगळ्यांना सांगून ठेवा. पुढची देणगी द्याल, तेव्हा ती खडबडीत पायरीसाठी आणि दुसऱ्या दारासाठी द्या. त्यावर तुमचं नाव नसलं तरी चालेल.